एकदम पेरलं की एकदम संपतं

येळवस, म्हणजे रानात जाऊन जेवायची वेळ अमावस्या, झाली की माझ्याकडं माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची पत्रं वाढतात. त्या दिवशी भज्जीत, म्हणजे मिसळीच्या भाजीत घालायला रानात काय नसतं? तूर, हरभरा, वाल, वांगी, मेथी, गाजर. आणि त्याच रानात चार महिन्यांनी जाऊन उभं राहावं तर पायाखाली हात जाईल एवढाल्या भेगा. मधल्या दिवसांत कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबत खायला काय करायचं, हे यंदा बऱ्याच जणांनी आपापल्या परीनं विचारलंय. काही उत्तरं लांबलीत. संपादकांनी कात्री चालवायचीच असेल तर दोडक्याच्या उत्तरावर चालवावी, पहिल्या दोन उत्तरांना हात लावू नये.

प्रश्न : ताई, मागच्या उन्हाळ्यात विहिरीजवळ एक गुंठा माळवं केलं. तुम्ही लिहिता तसं भेंडी एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा पेरली. पण तिन्ही वाफे जवळपास बरोबरच तोडायला आले. एप्रिलभर रोज भेंडी. लेकरं ताट बघूनच उठायला लागली. आणि मे महिन्यात लग्नाचे पाहुणे आले तेव्हा बाजारातून विकत आणली! माझं काय चुकलं? *(एक भगिनी, अहमदपूर)*

उत्तर : तुम्ही कॅलेंडर बघून पेरलं. भेंडीला तारीख कळत नाही, तिला ऊब कळते.

माझ्याकडं दुधाच्या हिशेबाची एक वही आहे. तिच्या मागच्या पानांवर मी पेऱ्याच्या तारखा लिहिते. एका वर्षाच्या लिहिलेल्या तारखा तुम्हाला जशाच्या तशा देते. १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी टोकलेली, म्हणजे एकेक बी मातीत खुपसून लावलेली भेंडी उगवायलाच अकरा दिवस लागले आणि पहिला तोडा निघाला १७ मार्चला. म्हणजे ६२ दिवस. २९ जानेवारीचा पेरा २५ मार्चला आला, ५५ दिवसांत. १३ फेब्रुवारीचा २ एप्रिलला, ४८ दिवसांत. पेरताना पंधरा दिवसांचं अंतर होतं, तोडताना आठ दिवसांचं उरलं. जानेवारीत रात्री पारा दहा-बारावर असतो, माती गार असते, बी नुसतं पडून राहतं. मागून पेरलेल्याला ऊन मिळतं आणि ते पळत येऊन पुढच्याला गाठतं. तुमचंही हेच झालं.

मग अंतर किती ठेवायचं? दिवस मोजूच नका. मागच्या वाफ्याकडं बघा. उगवताना जी दोन जाड पानं येतात ती सोडून द्या. त्यानंतरचं तिसरं पान नीट उघडलं की त्या रात्री पुढचं बी भिजत घाला. संक्रांतीच्या पेऱ्याला तिसरं पान यायला तीन-साडेतीन आठवडे लागतात, फेब्रुवारीतल्याला अडीच, मार्चमधल्याला दोन. अंतर आपोआप आखडत जातं आणि तोडणीला मात्र सारखं पडतं. या हिशेबानं माझे पेरे १४ जानेवारी, ८ फेब्रुवारी, २६ फेब्रुवारी आणि १३ मार्च असे पडले. पहिले तोडे १७ मार्च, ३० मार्च, १२ एप्रिल आणि २५ एप्रिल. दर तेरा दिवसांनी नवा वाफा सुरू. दरवर्षी इतकं नेमकं जमत नाही, दोन-तीन दिवस इकडंतिकडं होतातच. पण शेवटच्या वाफ्यानं रोहिणी निघेपर्यंत पोचवलं.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही पत्रात लिहिली नाही पण मला दिसतेय. तुम्ही प्रत्येक वेळी अख्खी पुडी पेरली असणार. १०० ग्रॅमच्या पुडीत दीड हजाराच्या आसपास बिया असतात, ती एका गुंठ्याची पुडी आहे. सहा माणसांच्या घराला एका पेऱ्याला वीस झाडं पुरतात. वीस! एका दाण्याच्या जागी दोन टोकायचे, उगवल्यावर अशक्त असेल ते काढायचं. उरलेली पुडी घट्ट बांधून डब्यात ठेवायची. ही गोष्ट मी माझ्या जावेला दहा वर्षं सांगतेय. ती म्हणते, "बी उघडं पडलं की हात थांबत नाही." शेजारणी आमच्या सुखी आहेत, त्यांना फुकट भेंडी मिळते.

आणि सगळंच पुन्हापुन्हा पेरायचं नसतं. पालेभाजी पुन्हापुन्हा, भेंडी-काकडी तीन-चारदा, गवार आणि चवळी दोनदा, दोडका-कारलं फार तर दोनदा. मिरची नि वांगं एकदाच. वांग्याचं तर मी एप्रिलच्या शेवटी गुडघ्याएवढं ठेवून छाटते, शेणखत देते, पाणी जेमतेम जगण्यापुरतं. मृगाचा पाऊस पडला की तेच झाड पुन्हा लागतं. टोमॅटोच्या मागं मात्र मे महिन्यात लागू नका. दिवसा पारा चाळिशीला गेला आणि रात्रही उकडायला लागली की टोमॅटोची फुलं देठातून गळतात, तुम्ही काहीही फवारा. टोमॅटो डिसेंबरात लावायचा, मार्चअखेरपर्यंत खायचा, वाळवून किंवा चटणी करून ठेवायचा, आणि त्या जागी गवार टोकायची.

कोणत्या महिन्यात काय ताटात यावं, हे आधी ठरवलं की पेरा सोपा जातो. फेब्रुवारी-मार्चात मेथी, पालक, टोमॅटो. एप्रिलात भेंडी, काकडी, दोडका. मे महिना गवारीचा, चवळीचा, तांदळज्याचा आणि अंबाडीचा. अंबाडीला कण्या घालून केलेली भाजी असली की आमच्या घरात दुसरं काही विचारत नाहीत.

प्रश्न : काकू, मी वीस गुंठ्यांत माळवं करून विकायचं ठरवलंय. बोअर आहे, ठिबक आहे. मे महिन्यात भाव असतो म्हणून मार्चमध्ये सगळ्या वीस गुंठ्यांत भेंडी, काकडी, गवार लावावी म्हणतो. बोअर फेब्रुवारीत दोन तास चालतो, मार्चमध्ये दीड, एप्रिलात एक, मे महिन्यात अर्धा तास. जमेल का? *(एक तरुण शेतकरी, रेणापूर तालुका)*

उत्तर : नाही जमणार. पण बोअरचा हिशेब महिन्यावार लिहून पाठवणारा तुमच्यासारखा पहिलाच भेटला, म्हणून सविस्तर सांगते.

जमीन किती आहे ते थोडं बाजूला ठेवा. मे महिन्यात पाणी किती गुंठ्यांचं आहे, तिथून सुरुवात करा आणि उलटं मागं या. दोनशे लिटरचं टिपाड पाइपाखाली लावा आणि किती मिनिटांत भरतं ते घड्याळ लावून बघा. समजा चार मिनिटांत भरलं. म्हणजे मिनिटाला ५० लिटर. अर्ध्या तासात १५०० लिटर. आपल्याकडच्या मे महिन्यात, ढोबळमानानं, एका गुंठ्यावरच्या माळव्याला रोज ६०० लिटर लागतं, तीन टिपाडं. मग अर्ध्या तासाच्या बोअरवर किती गुंठे जगतील? अडीच. वीस नाहीत. पाचट अंथरलं तर थोडं ताणता येईल, पण मी तरी अडीचच धरीन.

आता मागं या. एप्रिलात तासभर, म्हणजे पाच गुंठे. मार्चमध्ये दीड तास, ऊन जरा कमी, आठ गुंठे धरू. फेब्रुवारीत दोन तासांचं ६००० लिटर, गुंठ्याला ४०० लिटरमध्ये भागतं, म्हणजे पंधरा गुंठे. तुमचं रान गाजरासारखं दिसलं पाहिजे, वर रुंद, खाली निमुळतं. पंधरातले सात गुंठे जानेवारीच्या शेवटी मेथी, पालक, कोथिंबीर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते मोकळे झालेच पाहिजेत. तीन गुंठे काकडी, कागदी पेल्यांत रोपं करून लवकर लावलेली. मार्च संपला की वेल उपटायचा, त्यावर चार काकड्या लोंबत असल्या तरी. इथंच माणूस फसतो. चार काकड्यांसाठी वेल ठेवतो आणि तिकडं गवार सुकते. अडीच गुंठे भेंडी दोन पेऱ्यांत, एप्रिलअखेर संपेल अशी. आणि राहिलेले अडीच गुंठे मे महिन्याचे. तिथं मार्चच्या मध्यावर गवार आणि चवळी टोकायची. वरचे पाच गुंठे यंदा नांगरून उन्हात तापू द्या, त्यांचं भलं होईल.

मे महिन्यासाठी गवार का, ते सांगते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या साली आमची विहीर शिमग्यालाच तळाला गेली होती. जनावरं सोयऱ्याकडं पाठवली. माळवं म्हणून जे होतं ते न्हाणीच्या मागं लावलेली चाळीसेक गवारीची झाडं, आंघोळीच्या पाण्यावर. बाकी काही राहिलं नाही, ती राहिली. गवारीचं मूळ खोल जातं, ऊन तिला मानवतं. पाणी जास्त झालं तरच ती रुसते. वाणाचं विचाराल तर पुसा नवबहार आमच्याकडं बरी चालते. शेंग कोवळी असताना तोडा. दोन दिवस उशीर झाला की दोरा निघतो आणि गिऱ्हाईक पुढच्या बाजारी तुमच्याकडं बघत नाही.

विकायचंही जरा बोलू, कारण पेऱ्याचं अंतर बाजारावर ठरतं. भेंडी एकाआड एक दिवस तोडावी लागते. आठवडी बाजार सात दिवसांनी. मधल्या तीन तोड्यांचं काय? म्हणून आधी रोजचं गिऱ्हाईक शोधा. लातूर तुम्हाला जवळ आहे, तिथं शिकायला आलेल्या पोरांच्या मेस आहेत, त्यांना रोज दहा-बारा किलो माळवं लागतंच. माझ्या भाच्यानं तीन वर्षं एका मेसला पुरवठा केला. पण त्याचा एक धडा ऐका. पहिल्या साली त्यानं मे महिन्यासाठी भरपूर काकडी धरली आणि मे महिन्याच्या सुरुवातीला नीटची परीक्षा झाली. पोरं गावाला गेली, मेस निम्मी झाली आणि काकडी घरात. त्यानंतर तो मे महिन्यात लग्नाच्या आचाऱ्यांकडं जायला लागला. आचारी लोक कोथिंबीर आणि काकडी घेतात, गवार घेत नाहीत. गवार बाजारात.

शेतीपंपाच्या लाईटचंही लक्षात ठेवा, ती पाळीनं येते. आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीत पाणी बरं मुरतं, पण अंधारात फुटलेली नळी दिसत नाही. बॅटरी घेऊन एक फेरी मारायची. साप बघून.

प्रश्न : तुमच्या सल्ल्यानं मागच्या वर्षी भेंडीचे चार वाफे एकाला एक लागून केले. पहिला चांगला झाला. दुसरा निम्मा पिवळा. तिसरा-चौथा तर पूर्ण पिवळा पडला, शेंगाही पांढुरक्या आणि निबर. दुकानदारानं सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली दिली, उपयोग झाला नाही. टप्प्याटप्प्यानं पेरणं हा प्रकार आमच्याकडं चालत नाही असं माझं मत झालंय. *(एक वाचक, कळंब)*

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचलं. दोष माझाही आहे. मीच लिहिलं होतं की वाफे लागून लागून करा, पाट एकच पुरतो. पाणी द्यायला ते सोपं जातं, पण रोगालाही तेच सोपं जातं, हे मी लिहायला हवं होतं.

तुमच्या भेंडीवर पडला तो केवडा, पानं पिवळी पाडणारा रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. एकदम पेरलेल्या भेंडीत माशी वाढेस्तोवर पीक निघून जातं. टप्प्यानं पेरलं की पहिला वाफा म्हातारा होतो, त्यावर माशीचं गोकुळ भरतं आणि शेजारीच कोवळं पान तयार असतं. तिला उडायचीही गरज नाही. पुन्हापुन्हा पेरण्याचा हा खरा तोटा आहे, तो मान्य करूनच पुढं जायला हवं.

मी आता काय करते ते सांगते. उन्हाळ्यात आमच्याकडं वारा बहुतेक मावळतीकडून येतो. म्हणून पहिला पेरा उगवतीच्या टोकाला आणि नंतरचे एकेक मावळतीकडं सरकत. जुन्या वाफ्यावरची माशी वाऱ्यासोबत नव्यापासून लांब जाते. भेंडीच्या दोन वाफ्यांमध्ये दुसरं काहीतरी, गवार म्हणा, पालक म्हणा. कडेला मक्याच्या दोन दाट ओळी, त्या मात्र भेंडीच्या महिनाभर आधी पेरायच्या, नाहीतर आडोसा व्हायच्या आत माशी पोचते. पिवळे चिकट सापळे लावते. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी, आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी. आणि पहिल्या वाफ्याचा तोडा घटला की झाडं मुळासकट उपटून रानाबाहेर. त्यावर चार-दोन भेंड्या येतात म्हणून ठेवायची नाहीत. वर रेणापूरच्या भाऊंना काकडीबद्दल तेच सांगितलंय.

बाटलीबद्दल. त्या दुकानदारानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, पिवळं पान बघून पुष्कळांची गफलत होते. पान तोडून उजेडाला धरा. शिरा पिवळ्या आणि मधली जागा हिरवी, जाळं विणल्यासारखी, असेल तर केवडा. त्याला औषध नाही, झाड उपटा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तीही शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, असेल तर लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते नेहमी होतं आणि तिथं बाटली कामाला येते.

वाणाचा फरक पडतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानं १९८०च्या दशकात परभणी क्रांती ही भेंडी दिली ती या केवड्यावरच तोड म्हणून. माझ्या सासूबाईंनी ती पहिल्यांदा लावली तेव्हा शेजारच्या रानातली भेंडी पिवळी आणि आमची हिरवीगार, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता ती तेवढी तग धरत नाही, मार्चच्या पेऱ्यावर तिच्याही पानावर जाळं दिसतं. तरी लवकरच्या दोन पेऱ्यांना मी तीच धरते, चवीला ती मला आवडते. उशिराच्या पेऱ्याला केवडा सहन करणारा संकरित वाण घ्या.

एकदा करून बघा म्हणण्याचा मला अधिकार राहिला नाही. पण दोनच पेरे, रानाच्या दोन टोकांना, एवढं केलंत तर कळवा.

प्रश्न : उन्हाळ्यात सांबार का उगवत नाही? तीन वेळा पेरला. *(एक वाचक, हिंगोली)*

उत्तर : बाकीच्या वाचकांसाठी : हिंगोलीकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माझ्या एका विहिणीनं पहिल्यांदा "सांबार आणा" म्हटलं तेव्हा आमच्या घरात इडलीची तयारी सुरू झाली होती.

अख्खा धना पेरला असणार. एका धन्यात दोन बिया असतात. फरशीवर पसरून चपलेच्या तळव्यानं हलकं रगडा, दोन फाका झाल्या पाहिजेत, पीठ नाही. रात्रभर भिजवा. सकाळी ओल्या बारदानात गुंडाळून घरातल्या गार कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवा, दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. पांढरं टोक दिसायला लागलं की त्याच संध्याकाळी पेरा. दुपारी नको. पेरल्यावर वर ओलं बारदान किंवा पाचट. कोंब दिसले की झाकण लगेच काढायचं, एक दिवस जरी विसरलात तर कोंब पिवळे आणि लांबडे होतात.

तापलेल्या मातीत निम्मंच उगवतं, म्हणून बी दुप्पट धरा. आणि सावली पाहिजेच. हिरवी जाळी असेल तर पन्नास टक्क्यांची. नसेल तर विकत आणायची गरज नाही, मी दोडका आणि कारल्याचा मांडव जानेवारीअखेर उभा करते. एप्रिलात तो वरून भरतो आणि खाली गार सावली पडते. त्या सावलीत दर आठ दिवसांनी एक हातभर रुंद पट्टा कोथिंबिरीचा. पस्तीस-चाळीस दिवसांत उपटायला येते. उन्हाळ्यात ती वीतभर झाली की थांबू नका, लगेच तुरा धरते. मांडवाला तुराट्या वापरल्या तर खर्च सुतळीचा.

एवढं करूनही मे महिन्याच्या मध्यावरचा एखादा पट्टा वाया जातो. माझाही जातो. ते आठ दिवस पुदिन्यावर काढायचे.

प्रश्न : दोडक्याच्या वेलाला पिवळी फुलं भरपूर, दोडका एकही नाही. रोज सकाळी जाऊन बघते. *(एक वाचक भगिनी, सेलू)*

उत्तर : सकाळी नका जाऊ. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. आधी येतात ती नरफुलं, घोसात. मादी एकटी असते आणि तिच्या मागं करंगळीएवढा दोडका दिसतो. आठ-दहा दिवस धीर धरा. मादी येऊनही गळत असेल तर दिवे लागणीला नरफूल तोडून तिच्यावर टेकवा. कडक ऊन आणि पाण्याची ओढ असली की काकडी-दोडक्याला नरफुलंच जास्त येतात, म्हणून पाणी थोडं पण रोज. काकडी कडू लागते तीही पाण्याच्या ओढीनं.

प्रश्न : मावशी, हे पुन्हापुन्हा पेरायचं म्हणजे बियाण्याचाच खर्च चौपट. घरचं बी धरता येईल का? आमच्याकडं शेवटी झाडावर ज्या जून शेंगा राहतात त्या वाळवून ठेवतात. *(एक शेतकरी, माजलगाव)*

उत्तर : खर्च चौपट कसा होईल? बी तेवढंच, चार वाटण्या केल्यात एवढंच. पुडी फोडल्यावर उरलेलं बी कोरड्या बाटलीत, बुडाशी चुलीची राख घालून, गार जागी ठेवलं तर तो उन्हाळा सहज निघतो.

घरचं बी जरूर धरा. पुडीवर संकरित किंवा हायब्रीड लिहिलेलं असेल तर मात्र नको, त्याच्या बियांपासून पुढच्या साली एका ओळीत पाच तऱ्हेची झाडं येतात. परभणी क्रांती, पुसा नवबहार असे सरळ वाण चालतात. गवार आपल्याआपण फळते, तिचं बी सोपं. भेंडीवर मधमाश्या फिरतात, म्हणून जवळपास दुसरी भेंडी नसावी.

शेवटच्या शेंगांचं बी धरायची पद्धत आमच्याकडंही होती. मला ती पटत नाही. ज्या शेंगा तोडायच्या राहिल्या त्या म्हणजे दमलेल्या झाडाच्या, किडीनं टोकरलेल्या, पुष्कळदा केवडा पडलेल्या वाफ्यातल्या. चांगलं होतं ते सगळं आपण खाल्लं आणि उरलंसुरलं पेरायला ठेवलं, असा तो प्रकार. त्यापेक्षा दुसऱ्या पेऱ्यात बघा. तिथं ज्या झाडाला लवकर फूल धरलं, खोडावरची पेरं जवळजवळ आहेत, पान स्वच्छ आहे, अशी चार झाडं निवडा. त्यांचे पहिले दोन-तीन तोडे खा. मग पुढच्या पाच-सहा शेंगा झाडावरच सोडून द्या आणि त्या झाडाची तोडणी बंद. महिना-सव्वा महिन्यात शेंगा वाळून उकलायला लागतात. पाऊस लागायच्या आत काढायच्या, कारण एका सरीनं आतलं बी काळं पडतं.

झाड ओळखू यावं म्हणून मी लाल चिंधी बांधते. चिंधीच्या झाडाला हात लावायचा नाही, असं सुनेला आणि कामाच्या बायांना बजावलेलं आहे, त्या लावतही नाहीत. मागच्या वर्षी सात वर्षांचा नातू सुट्टीला आला आणि आजीनं खूण करून ठेवलेल्या सगळ्यात मोठ्या भेंड्या तेवढ्या तोडून घेऊन आला. यंदा चिंधी मातीच्या रंगाची बांधणार आहे.